पोळीभाजी केंद्रातला चोवीस इंची टीव्ही : पर्थ ते ओव्हल वापरून

टीव्हीची परीक्षणं लिहिणारे लोक बहुतेक सोफ्यावर बसलेले असतात. हातात रिमोट, खोलीत अंधार, समोर चित्र. आमच्याकडे यातलं काहीच नाही. ठाण्याच्या नौपाड्यात आमचं पोळीभाजी केंद्र आहे. जागा दहा बाय चौदा. त्यात दोन भट्ट्या, कणीक मळायचं मशीन, एक्झॉस्ट पंखा आणि पहाटेपासून उभ्या असलेल्या आम्ही चौघी. अशा ठिकाणी २४ इंची स्मार्ट टीव्ही कसा चालतो हे मला कुठेच वाचायला मिळालं नाही, म्हणून लिहितेय. लांबण लागेल, कारण मला क्रिकेटवरही बोलायचंय.

टीव्ही घेतला तो ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी. २०२४च्या नोव्हेंबरात आपला संघ पाच कसोटी खेळायला तिकडे गेला, त्याच्या जरा आधी. लोकांना या दौऱ्यात झोपेचं खोबरं झाल्याचं दुःख असतं. आमची झोप तशीही चारलाच मोडते. मेलबर्न आणि सिडनीच्या कसोटी आपल्याकडे पहाटे पाचला सुरू होतात, ब्रिस्बेनची पाच पन्नासला, पर्थची सात पन्नासला, आणि ॲडलेडची दिवसरात्रीची कसोटी साडेनऊला. मेलबर्नचं लंच आपल्या सातला होतं. म्हणजे पहिलं सत्र कणीक मळण्यात आणि भाज्या फोडणीला टाकण्यात जातं, लंचला आमचा चहा होतो, दुसऱ्या सत्रात पोळ्या लाटून डबे भरायचे. ते वागळे इस्टेटकडे रवाना झाले की तिसरं सत्र स्टुलावर बसून बघायचं. वेळापत्रक आखणाऱ्यानं आमच्या धंद्याकडे बघूनच आखलंय असं वाटावं इतकं जमून येतं. आधी मी मोबाईल मसाल्याच्या डब्याला टेकवून बघायची. पण विकेट पडली की नेमके हात कणकेत, आणि स्क्रीन तेवढ्यात झोपी गेलेली.

गोखले रोडवरच्या एका दुकानातून टीव्ही घेतला. साडेआठ हजारांच्या आत. भिंतीवरचा ब्रॅकेट वेगळा, फिटिंग वेगळं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुकानदार स्वतःच म्हणाला, "ताई, या किमतीत आतला माल एकाच कारखान्यातला, वरची पट्टी फक्त निराळी." तेव्हा नावापेक्षा मागचा स्टिकर वाचा. आमच्यावर १३६६ बाय ७६८चा पडदा, १ जीबी रॅम, ८ जीबी साठवण आणि आठ वॅटचे दोन स्पीकर असं लिहिलंय. यातला प्रत्येक आकडा पुढे आपापल्या वेळेला माझ्या डोक्याशी आला.

सगळ्यात पहिला आला तो पडदा. वाफ आणि तेल लागू नये म्हणून टीव्ही उंचावर, माळ्याच्या खाली लावला. स्वस्तातल्या पडद्याची गंमत अशी की समोरून चित्र उत्तम, पण खालून बघितलं की काळवंडतं. भट्टीपाशी उभं राहिलं की कोहली कुठला आणि राहुल कुठला ते चालण्यावरून ओळखायचं. फिटिंगला आलेल्या मुलानं सरळसोट ब्रॅकेट आणला होता, पुढे झुकणारा नव्हता. शिवाय भोक पाडताना एक टाइल तडकवली ती वेगळीच. मग झुकणारा ब्रॅकेट मीच आणून बसवून घेतला, साडेतीनशेचा फरक. टीव्हीपेक्षा हा ब्रॅकेट जास्त महत्त्वाचा आहे आणि दुकानात तुम्हाला तो कुणी आपणहून दाखवणार नाही. स्वयंपाकघरात टीव्ही लावणार असाल तर पुढे निदान पंधरा अंश झुकणारा मागून घ्या.

पर्थच्या पहिल्या दिवशी आम्ही सुरुवातीला काही बघू शकलो नाही. सात पन्नास म्हणजे डबे भरायची ऐन वेळ. वर मान केली की एक गडी कमी. भारत १५० सर्वबाद. पण त्यांची फलंदाजी सुरू झाली तोपर्यंत आमचे डबे पोचलेले होते, भांडी घासायला पडलेली. मग बुमराह. ख्वाजा बाद, आणि त्याच्या पुढच्याच चेंडूवर स्मिथ पायचीत. दिवस संपला तेव्हा ऑस्ट्रेलिया ७ बाद ६७. पोळ्या लाटणाऱ्या आमच्या मावशी, ज्यांना क्रिकेटमधलं फक्त "आऊट" कळतं, त्या म्हणाल्या, "हा मुलगा पळत नाही, नुसता चालत येतो आणि सगळे आऊट कसे होतात?" याचं उत्तर भल्याभल्या जाणकारांना देता आलेलं नाही. पुढे यशस्वीचे १६१, कोहलीचं शतक आणि आपण २९५ धावांनी जिंकलो. त्या आठवड्यात टीव्हीला मी पाच तारे दिले असते.

चेंडू दिसतो का, हा खरा प्रश्न. टप्प्यापर्यंत दिसतो. फलंदाजाच्या बॅटजवळ येताना लाल चेंडूची एक रेघ होते, आणि आमची ट्यूबलाइट पडद्यात नेमकी ऑफ स्टंपच्या बाहेर चमकते. त्यामुळे कट लागला की हुकला हे रिप्लेत कळायचं. ॲडलेडचा गुलाबी चेंडू मात्र स्वच्छ दिसला, अगदी पहिल्या चेंडूपासून. त्याच चेंडूवर स्टार्कनं यशस्वीला पायचीत केलं. दहा गड्यांनी हरलो त्या कसोटीत. इतकं स्पष्ट दिसायला नको होतं.

धावफलकाची पट्टी आठ फुटांवरून वाचता येत नाही. रिमोटवर झूमचं बटण आहे. ते दाबलं की खेळाडू मोठे होतात आणि धावफलकाची पट्टीच पडद्याबाहेर जाते. हे ज्यानं बनवलं त्यानं कधी क्रिकेट बघितलेलं नसावं.

आता आवाज. कामाच्या जागेत टीव्ही हा बघायचा कमी आणि ऐकायचा जास्त असतो, हे माझं ठाम मत झालंय. हात चालू, डोळे पोळीवर, कान वर. समालोचकाचा आवाज चढला की मान उचलायची. कसोटी क्रिकेट यासाठीच बरं. चेंडू पडतो, मग गोलंदाज परत चालत जातो, तेवढ्यात पोळी उलटते. वीस-वीस षटकांत ही सवड नाही. पण टीव्हीचे स्पीकर मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. एक्झॉस्ट चालू असला की समालोचन घशात बोलल्यागत येतं, मशीन सुरू झालं की तेही नाही. आधी घरातला ब्लूटूथ स्पीकर जोडून पाहिला. त्याचा आवाज चित्राच्या मागून येतो. बॅट फिरून खाली आल्यावर टक्क ऐकू येतं. मग वायरचा स्पीकर आणला, बाराशेचा, तो हेडफोन जोडायच्या भोकात घातला आणि आमच्या डोक्याच्या पातळीवर, भट्टीपासून लांब ठेवला. तेव्हापासून गडबड नाही. पैसे कमी असतील तर पडदा लहान घ्या, स्पीकर चांगला घ्या.

हा स्पीकर आला म्हणून मेलबर्न मिळालं. २६ डिसेंबरची पहाट, मशीन बंद, भाजी परतायची होती. ऑस्ट्रेलियाचा एकोणीस वर्षांचा कॉन्स्टास पहिल्यांदा कसोटी खेळायला आलेला, आणि त्यानं बुमराहला षटकार मारला. मी वर बघितलंच नव्हतं. ऐकलं ते मैदान. त्या कसोटीला पाच दिवसांत ३,७३,६९१ लोक आले होते. तो आवाज बाराशेच्या स्पीकरमधूनही अंगावर येतो. मावशी दचकल्या, म्हणाल्या कुकर उडाला.

त्याच कसोटीचा तिसरा दिवस शनिवारचा, ऑफिसं कमी, डबे कमी. नितीशकुमार रेड्डी आणि वॉशिंग्टन सुंदर यांची १२७ धावांची भागी. मग नितीश ९९वर असताना बुमराह बाद, शेवटचा गडी सिराज आत, आणि कमिन्सचे तीन चेंडू शिल्लक. आमच्याकडे तवा रिकामा तापत होता आणि एकीलाही सुचेना. सिराजनं तिन्ही अडवले. पुढच्या षटकात नितीशनं बोलँडला मिडऑनवरून चौकार मारला. त्याचे वडील स्टँडमध्ये रडताना दाखवले तेव्हा आमच्या डबे पोचवणाऱ्या दादांनीही गमछा डोळ्यांना लावला, नंतर म्हणाले मिरचीची फोडणी होती. फोडणी नव्हती. पाचव्या दिवशी चहापानानंतर आपण ३ बाद १२१वरून १५५वर आटोपलो, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

आता टीव्हीचा नाही पण इंटरनेटचा दोष. ॲपवरचं चित्र तुकड्यातुकड्यानं येतं, साठतं, मग दिसतं, म्हणून ते खऱ्या खेळाच्या मागे असतं. डिशवाल्यांपेक्षाही मागे. आमच्या शेजारी इस्त्रीवाले काका आहेत, त्यांच्याकडे डिश. ब्रिस्बेनला फॉलोऑन, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला उतरणं, टाळायला २४६ हवे होते, शेवटची जोडी बुमराह आणि आकाशदीप. आमच्या पडद्यावर कमिन्स अजून रनअपला वळतोय आणि काकांच्या दुकानातून "गेला! चौकार!" अर्ध्या मिनिटानं आमच्याकडे आकाशदीपनं गलीवरून तो मारला. आम्ही टाळ्या वाजवल्या, पण शिळ्या पोळीला तूप लावल्यासारख्या. रोज सामने बघणार असाल आणि शेजारी डिश असेल तर एक तर डिश घ्या, नाहीतर शेजाऱ्याशी तह करा. आम्ही तह केला. विकेटला ओरडायचं नाही, त्या बदल्यात दहाचा चहा आमच्याकडून.

पुढे जूनमध्ये इंग्लंड दौरा आला आणि वेळ उलटी झाली. तिकडचे अकरा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. संध्याकाळी पाचला आमची दुसरी कणीक. साडेसहापासून गिऱ्हाईक. इंग्लंडचं चहापान आपल्या आठ दहाला, म्हणजे दुकानात सर्वांत जास्त गर्दी असते तेव्हा. मला वाटलं होतं टीव्ही बघायला होणार नाही. झालं भलतंच, गिऱ्हाईकच टीव्ही बघायला लागलं. काउंटरवरून पडदा तिरका दिसतो, तरी लोक दहा पोळ्यांचं पार्सल हातात घेऊन हलेनात.

लॉर्ड्सचा शेवटचा दिवस सोमवारी होता. १९३ हव्या होत्या, आणि जडेजा एका बाजूनं उभा. बुमराहनं त्याच्यासोबत ५४ चेंडू खेळून काढले, मग सिराज. काउंटरसमोर चांगली गर्दी, रांग आहे की प्रेक्षक कळेना. एक बाई सारख्या "अहो, वरण द्या" म्हणत होत्या, त्यांना कुणी जागा देईना. शेवटी बशीरचा चेंडू सिराजनं अडवला, अगदी नीट, बॅटच्या मधोमध, आणि तो खाली पडून मागे स्टंपांवर घरंगळला. २२ धावांनी गेला सामना. जडेजा नाबाद ६१. दुकानात एकदम मोकळी जागा झाली, तेव्हा त्या बाईंना वरण मिळालं. त्या दिवशी विक्री नेहमीपेक्षा कमी झाली हे मी हिशेबात पाहिलंय. दुकानात टीव्ही लावल्यानं धंदा वाढतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माणसं वाढतात. पोळ्या तेवढ्याच जातात.

याच काळात आपल्या मुलीही इंग्लंडमध्ये खेळत होत्या. २८ जूनच्या संध्याकाळी ट्रेंट ब्रिजला स्मृती मानधनानं ११२ केल्या. आमच्या भाजी करणाऱ्या ताई मिरजेकडच्या, स्मृती सांगलीची. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं आणि मी काही बोलले नाही. पुरुषांचा सामना असला की "आता पुरे, गाणी लावा" म्हणणाऱ्या मावशीही तो शेवटपर्यंत बघत होत्या. टी-ट्वेंटी आणि वनडे दोन्ही मालिका जिंकूनच मुली परतल्या.

इंग्लंड दौऱ्याच्या मधेच ती ८ जीबी साठवण आडवी आली. ॲप अद्ययावत करा म्हणून पाटी, करायला गेलं तर जागा नाही. टीव्ही आला तेव्हापासूनच त्यात नको असलेली डझनभर ॲप्स आहेत आणि त्यातली निम्मी काढताच येत नाहीत. मॅनचेस्टरला ऋषभ पंत मोडलेल्या पायानं पायऱ्या उतरत होता तेव्हा आमच्या पडद्यावर एक गोल चक्र फिरत होतं. भाच्यानं दोन हजारांची स्ट्रीमिंगची काडी आणून मागच्या भोकात खोचली. आता टीव्ही नुसता पडदा आहे, डोकं काडीत. हेच करायचं तर स्मार्ट टीव्ही घेऊच नका, साधा घ्या आणि काडी लावा, तेवढेच पैसे वाचतील.

तेलाबद्दल. आठवड्यात पडद्यावर पातळ चिकट थर येतो. काचेचा निळा फवारा मारू नका, पडद्यावरचा मुलामा जातो. मऊ कापड कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळायचं, टीव्ही बंद करून, गार झाल्यावर पुसायचं. पाठीमागच्या जाळीत पीठ जातं, ते कोरड्या ब्रशनं. रिमोटला पारदर्शक पिशवी घालून रबर लावलंय. दिसायला वाईट आहे, पण रिमोट अजून जिवंत आहे.

ओव्हलचा शेवटचा दिवस या टीव्हीनं निभावला. ४ ऑगस्ट, सोमवार, साडेतीन. इंग्लंडला ३५ हव्यात, आपल्याला उरलेल्या विकेट्स. आमची कणीक पाचला, म्हणजे दीड तास कुणाचं देणं नाही. इस्त्रीवाले काका त्यांच्या डिशचा स्पोर्ट्स पॅक संपला म्हणून आमच्याकडेच आले, त्यामुळे आधी ओरडणारं कुणी नव्हतं. प्रसिधच्या पहिल्या दोन चेंडूंवर दोन चौकार. काका उठून जायला निघाले, मावशींनी शर्टाला धरून बसवलं. मग सिराजनं इंग्लंडचा जेमी स्मिथ काढला, ओव्हरटन काढला, प्रसिधनं टंगचा त्रिफळा उडवला. वोक्स निखळलेल्या खांद्याचा हात स्वेटरमध्ये बांधून आत आला. पडदा खालून काळा दिसतो म्हणून आम्ही सगळ्या स्टुलं ओढून अगदी समोर बसलो होतो, तिथून चित्र खरंच छान दिसतं. ॲटकिन्सनचा ऑफ स्टंप उडाला. सहा धावा. कसोटीत आपण इतक्या कमी धावांनी कधी जिंकलो नव्हतो. मालिका २-२. सिराजला मालिकेत २३ विकेट्स, गिलच्या ७५४ धावा. काकांनी स्वतःच्या पैशांनी सगळ्यांना चहा पाजला, तहाच्या अटी मोडून.

त्यानंतर पावसाच्या अखेरीला पडद्याच्या डाव्या कडेला एक उभी हिरवी रेघ उगवली. सर्व्हिसवाला आला, वर बघितलं, भट्टी बघितली, आणि वॉरंटी कार्ड मागितलं. त्यात बारीक अक्षरांत छापलंय की व्यावसायिक जागेतल्या वापराला वॉरंटी लागू नाही. हे विकताना कुणी म्हणालं नाही, आणि मी तर पत्ता दुकानाचाच दिला होता, बिलावर केंद्राचं नाव आहे. वाद घालून उपयोग नव्हता. रेघ डाव्या टोकाला आहे, आणि डावखुरा खेळत असला की कधीकधी स्क्वेअर लेगचा पंच तिच्यामागे जातो, एवढंच. पण दुकान, खानावळ, सलून, कुठेही लावायला टीव्ही घेत असाल तर पैसे देण्याआधी कार्ड उघडून ही ओळ शोधा. व्यावसायिक वापरासाठी वेगळे पडदे येतात. महाग असतात, पण दिवसभर चालवायला तेच बनवलेले असतात.

तारे द्यायचेच तर चित्राला दोन, आवाजाला एक, टिकाऊपणाला रेघ धरूनही तीन. ब्रॅकेट, स्पीकर आणि काडी धरून सगळं बारा हजारांच्या घरात गेलं. एवढ्यात ३२ इंची आला असता, पण तो आमच्या माळ्याखाली बसत नाही. घरच्या हॉलसाठी हा घेऊ नका. उभ्यानं काम करणाऱ्यांनी, नजर अधूनमधूनच वर जाणाऱ्यांनी घ्यायला हरकत नाही.

२०२५-२७च्या कसोटी अजिंक्यपदाच्या चक्रात इंग्लंडनंतर परदेशातले दौरे श्रीलंका आणि न्यूझीलंडचे. श्रीलंकेची वेळ आपलीच. न्यूझीलंडची कसोटी मात्र पहाटे साडेतीन-चारला सुरू होते, आमच्याही आधी, आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी स्पीकरबद्दल आत्ताच विचारून ठेवलंय. परवा दुकानातून फोन आला होता, वाढीव वॉरंटी घेता का म्हणून, बाराशे रुपये. मी विचारलं, पोळीभाजी केंद्राला चालेल का? म्हणाला, विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.